मुळशीचं स्थळ

माझ्या लग्नासाठी माझ्या वडिलांनी मुळशीकडच्या कुठल्याशा बड्या घराण्याचे उंबरठे वर्षभर झिजवले आणि तरी त्या घराण्याने त्यांना दाद दिली नाही, असं आमच्या नात्यातले निम्मे लोक आजही मानतात. उरलेल्या निम्म्यांना खरी गोष्ट ठाऊक आहे, आणि त्यांना ती जास्त लाजिरवाणी वाटते. खरी गोष्ट अशी, की ते घराणं धरणाच्या पाण्यात राहत होतं, त्याच्या अंगावर खवले होते, आणि बाबा त्याच्याकडे माझ्यासाठी नव्हे, स्वतःच्या सुखासाठी जात होते. पण आईने मोठ्या हुशारीने निवडलेल्या एका शब्दापायी माझं शिक्षण बुडून मी पुण्याशेजारच्या मांजरी गावी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन पडणार होते. ती हकिगत आता सांगायला हरकत नाही. जे रागावले असते ते सगळे गेले, आणि जे उरलेत त्यांना ऐकू कमी येतं.

आम्ही तेव्हा खडकीला, बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे तुळशीचं डबडं. सकाळी भोंगा झाला की सगळ्या दारांतून एकदम सायकली बाहेर पडायच्या, आणि दुपारी कुठेतरी लांब दारूगोळ्याची चाचणी चालायची तेव्हा आमच्या फळीवरची भांडी किणकिणायची. त्या दणक्यांत आईच्या कुकरच्या शिट्ट्या हमखास चुकायच्या, त्यामुळे आमची डाळ एकतर कच्ची नाहीतर पार पिठलं झालेली असायची. आम्ही मूळचे अमरावतीकडचे. रविवारी आई गोळाभात करायची. भातात शिजवलेले डाळीचे गोळे कुस्करून घ्यायचे आणि वरून हिंगाचं कडकडीत तेल. त्याचा वास सबंध रांगेत फिरायचा आणि शेजारच्या लेलेबाई वाटी घेऊन हजर व्हायच्या. खाऊन झालं की म्हणायच्या, “छान झालाय हो. सवय झाली की आवडेल.” पुण्यात याला कौतुक म्हणतात, हे कळायला आईला काही वर्षं लागली.

बाबांच्या आधी त्यांचे थोरले भाऊ, आमचे आप्पाकाका, पुण्यात आले होते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी पेठेत बिऱ्हाड केलं आणि बघता बघता जन्माच्या पुणेकरांना पुणेकरपण शिकवायला लागले. ‘जाऊन राहिलो’चं ‘जातो आहे’ करायला त्यांना जे कष्ट पडले होते, त्यांचा सूड ते पुढे जन्मभर इतरांच्या व्याकरणावर घेत राहिले. आमच्याकडे जेवणानंतर कुणी ‘ढेकर आली’ म्हटलं, की ‘आला’ असं ऐकू यायचं आणि ढेकर जागच्या जागी जिरायची. मी तिला अजून स्त्रीलिंगीच ठेवलं आहे. तेवढं एकच बंड मला त्या वयात परवडत होतं. दर रविवारी अकराच्या सुमाराला आप्पा आमची पाहणी करायला यायचे. घराणं कीर्तनकारांचं, त्यामुळे चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य. बाबा त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचे नाहीत, त्यांच्या शब्दाला शब्द द्यायचे नाहीत, आणि एखादी गोष्ट करायची नसली तर ‘नाही’ न म्हणता ‘बघू’ म्हणायचे. असा हा माणूस चाळिशी उलटल्यावर मासे धरायला शिकला.

शिकवलं हनीफभाईंनी. ते बाबांच्याच विभागात फिटर. त्यांच्या कितीतरी पिढ्या पुण्यातच गेलेल्या, त्यामुळे आप्पांपेक्षा खरे पुणेकर तेच, पण ही गोष्ट आप्पांना सांगायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून बाबा एकदा मुळशीला गेले, नुसते सोबत म्हणून, आणि परत आले ते गप्प गप्प. पुढच्या रविवारी हनीफभाईंनी हॉर्न वाजवायच्या आधीच बाबा फाटकाशी उभे. घरी मासा आणायचा नाही, ही त्यांनी स्वतःलाच घातलेली अट. खायचा नाही तर मारायचा कशाला, म्हणून ते मासा वर काढायचे, दोन्ही हातांत धरून डोळे भरून बघायचे आणि परत सोडून द्यायचे. हनीफभाई स्वतःचे मासे पिशवीत टाकता टाकता म्हणायचे, “पाठकसाहेब, आपण माशाला फक्त ख्यालीखुशाली विचारायला वर बोलावता.”

परवा माझ्या नणंदेचा नातू मला हीच गोष्ट समजावून सांगत होता. हिंजवडीला नोकरीला आहे. त्याच्याकडे मासे कुठे आहेत ते पडद्यावर दाखवणारं यंत्र आहे, आणि मासे वगळता बाकी सगळं त्याच्याकडे आहे. “आजी, कॅच अँड रिलीज म्हणतात त्याला. टोटली एथिकल. आमची होल कम्युनिटी आहे,” असं म्हणून त्याने मला टी-शर्टच्या पाठीवर छापलेला मासा दाखवला. आमच्या बाबांनी जे पाप समजून भावापासून लपवलं, ते हा पाठीवर घेऊन हिंडतो. चालायचंच.

एकदा मीही हट्टाने बरोबर गेले. माझी बी.एस्सी.ची परीक्षा पुढच्या वर्षी होती, आणि मला घरात बसून आप्पांची पाहणी सोसायची नव्हती. हनीफभाई स्कूटरवरून पुढे गेले, आम्ही एसटीने. बाबांनी एवढंच सांगितलं होतं की गप्प बसता येत असेल तर चल. पावसाळ्यानंतर गाळ खाली बसला की धरणाच्या मागच्या अंगाचं पाणी निवळशंख होतं. कातळावर ओणवं होऊन पाहिलं तर बुडालेल्या शेताचा बांध दगडन् दगड दिसत होता, त्याच्या पलीकडे हिरवं, मग काळं, मग काहीच नाही. त्या काळ्यात खडस राहतो, बाबा कुजबुजले. साहेबलोक त्याला महाशीर म्हणायचे. मोठ्या खवल्यांचा, अंगात रग असलेला आणि अतिशय संशयी मासा. गढूळ पाण्यातल्याला फसवता येतं, पण स्वच्छ पाण्यातला माणसाची सावलीसुद्धा ओळखतो. आमिष म्हणजे आईने मळलेली कणीक, त्यात चिमूटभर हिंग आणि वर तुपाचा हात. आमच्या घरचे मासेसुद्धा सोवळ्यातलं जेवायचे. तो पांढरा गोळा खाली जाताना लहान लहान होत दिसेनासा झाला आणि आम्ही वाट बघत बसलो. लेलेबाईंची टकळी तिथे असती तर पाण्यातले सगळे मासे घाट उतरून कोकणात पळाले असते.

ऊन चांगलं वर आलं तेव्हा रीळ किंचाळलं. बाबा उठले, आणि आप्पांसमोर जन्मभर पोक काढून उभा राहिलेला माझा बाप त्या कातळावर असा ताठ उभा राहिला, की मला क्षणभर हे दुसरेच कुणी वाटले. मासा पळाला की ते दोरी सोडायचे, थांबला की ओढून घ्यायचे, ओठांतल्या ओठांत त्याच्याशी काहीतरी बोलायचे. शेवटी तो काठाशी आला, पिवळाजर्द, रुपयाएवढ्या खवल्यांचा, दमलेला. बाबांनी गळ अलगद काढला, त्याला पाण्यातच थोडा वेळ धरून ठेवलं आणि मग ओंजळ उघडली. काळ्या पाण्यात तो नाहीसा झाला तेव्हा मला वाईट वाटलं आणि बाबांचा चेहरा लग्नातल्यासारखा झाला होता. परतीच्या एसटीत, त्या चेहऱ्याचा फायदा घेऊन, मी विचारून टाकलं, “बाबा, मला पुढे एम.एस्सी. करायचंय. करू?” ते ‘बघू’ म्हणाले नाहीत. “कर,” म्हणाले.

आता आईचा शब्द. आई खोटं बोलत नसे. घरातली पूजा तिच्याकडे होती आणि खोटं बोललेल्या तोंडाने नैवेद्य दाखवायचा नाही असा तिच्या माहेरचा दंडक होता. पण खरं सांगितलं असतं तर आप्पांनी आमच्या घरचं पाणी सोडलं असतं. म्हणून पहिल्याच रविवारी आप्पांनी पायरीवर चपला काढता काढता “मधू कुठे आहे?” असं विचारलं, तेव्हा ती पदर सावरून म्हणाली, “गळ घालायला गेलेत.”

गळ म्हणजे मासे धरायचा आकडा, आणि गळ घालणं म्हणजे कुणाची मनधरणी करणं. आप्पांच्या डोक्यात पहिला अर्थ शिरणं शक्यच नव्हतं.

“कुणाला?” आप्पांनी विचारलं.

“मुळशीकडे. मोठे आहेत म्हणतात.”

“मोठे म्हणजे किती मोठे?”

“तिथल्याइतके मोठे जवळपास कुठे नाहीत, असं ऐकते. पण खोलात असतात. सहजी वर येत नाहीत.”

“खानदानी माणसं तशीच असायची,” आप्पा समाधानाने म्हणाले आणि माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली. घरात लग्नाची मुलगी, बाप रविवारी मनधरणी करायला बाहेर. यात समजायचं बाकी काय राहिलं?

मग दर रविवारी हाच संवाद. “काय, लागलं का काही गळाला?” असं आप्पा आपल्या विनोदावर खूश होऊन विचारायचे आणि आई सांगायची, “तोंड लावलं होतं. मग काय बिनसलं कोण जाणे.” किंवा, “आज नुसते येऊन बघून गेले.” एकही शब्द खोटा नव्हता. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती, की आई ‘घालायला गेलेत’ म्हणायची, ‘घालताहेत’ म्हणायची, पण झालेल्या काळात कधी बोलायची नाही. ती इतकी जपून का बोलते ते मला तेव्हा कळलं नाही.

भिंतीला लेलेबाईंचा कान असल्यामुळे ही बातमी सगळ्या रांगेत गेली. दिवाळीपर्यंत लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. गिरणीत बायका मला दळणाला पुढे सोडायच्या. लेलेबाईंनी मसुराचं पीठ आणि साय चेहऱ्याला लावायला दिली आणि म्हणाल्या, “तू काही फार बुटकी नाहीस हो. हल्ली मुलंच उंच निपजतात.” मला वाटायचं, मी शिकते याचं कौतुक चाललंय. एक दिवस त्यांनी उसासा टाकून विचारलं, “मुळशीच्यांनी नाहीच का गं म्हटलं शेवटी?” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात येऊन मी आईवर उखडले. ती कणीक मळत होती, त्यातही बाबांची वेगळी काढलेली. मान वर न करता म्हणाली, “मी खोटं बोलले असेन तर दाखव.”

 इकडे आप्पांना माझी दया आली. माझा निकाल लागायच्या सुमाराला ते एका संध्याकाळी मुद्दाम आले आणि त्यांनी मांजरीचं स्थळ आणल्याचं जाहीर केलं. मुलगा उसाच्या संशोधनात, आईबाप दोघंच, घरात कांदा-लसूण नाही. “मी शब्द दिलाय. रविवारी येताहेत.”

“तिला पुढे शिकायचंय, आप्पा,” बाबा उभ्यानेच म्हणाले.

“शिकून काय करणार? वर्षभर वणवण करून तुझ्या हाती काय लागलं, मधू? आता देव देतोय तर घे.”

वर्षभर हाती काय काय लागलं होतं ते बाबांना सांगता येईना. त्यांनी आईकडे पाहिलं, आईने चुलीकडे पाहिलं. “बघू,” बाबा म्हणाले. आप्पांनी दिलेल्या शब्दापुढे हे ‘बघू’ टिकणार नव्हतं. एसटीतलं ते ‘कर’ हवेत विरून गेलं असं वाटलं, आणि मी मोरीत नळ सोडून रडून घेतलं.

रविवार आला. कधी नव्हे ते बाबा रविवारी घरी. आईने पोहे केले, लेलेबाईंनी न मागता चांगल्या बशा आणून दिल्या आणि त्या परत न्यायच्या निमित्ताने दारातच उभ्या राहिल्या. मुलगा सरळ दिसत होता. आल्यापासून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याचे वडील पोहे खात होते. बोलणं सगळं त्याच्या आईकडे.

“आप्पांनी आमच्यापासून काही लपवलं नाही हो,” त्या बाई मोठ्या मनाने म्हणाल्या. “मुळशीच्या लोकांनी वर्षभर झुलवलं तुम्हाला. आम्ही ते मनात धरणार नाही. कुठेतरी काहीतरी कमी असणारच. फक्त कॉलेज आता पुरे. नाकारलेली मुलगी शिकत बसली की लोक विचारतात, का शिकतेय म्हणून.”

“मला एम.एस्सी. करायचंय,” मी म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले.

सगळे हसले. म्हणजे रागावून नव्हे, प्रेमाने हसले. “सगळ्याच मुली म्हणतात गं,” बाई म्हणाल्या, “मीही म्हणत होते.” आणि त्यांनी लिंबाची फोड मागितली.

“मग ठरलं असं समजायचं?” आप्पांनी विचारलं. “मधू, बोल की. एवढी मुळशीला गळ घातलीस, इथे तर त्याचीही गरज पडली नाही.”

बाबा भिंतीला टेकून उभे होते. ते भिंत सोडून पुढे आले. मग म्हणाले, “घातला.”

“काय?”

“मुळशीला मी गळ घातला.”

आप्पांमधला मास्तर काकाच्या आधी जागा झाला. “घातली. गळ स्त्रीलिंगी आहे, मधू. त्याने मला गळ घातली, असं म्हणतात.”

“ती वेगळी, आप्पा. ती स्त्रीलिंगी. हा पुल्लिंगी. हा लोखंडाचा असतो.”

खोलीत कुणाला काही उमगेना. बाबा आत गेले, गाद्यांच्या वळकटीमागून काठी काढली आणि रीळ, दोरी, गळ यांसकट ती आणून पोह्यांच्या बशांशेजारी ठेवली. आईने डोळे मिटून घेतले. दारात लेलेबाईंच्या तोंडून “अगं बाई” एवढंच निघालं, आणि मी त्यांना ओळखत होते त्या सगळ्या काळात ते त्यांचं सर्वांत छोटं वाक्य होतं.

“वर्षभर मी दर रविवारी मासे धरतोय,” बाबा म्हणाले. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. “हिच्यासाठी कुणाच्या दारी गेलो नाही. हिला कुणी नाकारलेलं नाही. मुळशीला कुणी स्थळ नाही.”

“मासे?” बाईंनी बशी खाली ठेवली. “तुमच्यात खातात?”

“नाही. धरतो आणि सोडून देतो.”

मुलाच्या वडिलांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मग धरता कशाला?”

“सोडायला,” बाबा म्हणाले.

खाल्ले असते तर कदाचित निभावलं असतं. खाणं हे नुसतं पाप. त्याला प्रायश्चित्त असतं. पण रविवारचा सबंध दिवस घालवून हातात आलेली वस्तू परत देणारा माणूस व्याही म्हणून कुणाला चालणार? बाईंनी पिशवी उचलली. चहा मात्र पिऊन गेले, कारण तो गाळून झाला होता. निघताना मुलगा काठीपाशी घुटमळला आणि हळूच बाबांना म्हणाला, “आमिष काय लावता?” “कणीक,” बाबा म्हणाले, “हिंग घालून.” पुढे काही वर्षांनी हनीफभाईंना तो मुळशीला भेटला, एकटाच, खिशात हिंगाची पुडी घेऊन. म्हणजे त्या दिवशी आमच्या घरात एक स्थळ जमलं होतं, फक्त माझ्याशी नव्हतं.

आप्पा सर्वांत शेवटी उठले. कीर्तनकारांच्या कुळाला लागलेल्या बट्ट्याविषयी, जिवंत प्राण्याच्या तोंडात लोखंड घालण्याविषयी ते बरंच बोलले. उंबरठ्याबाहेर पाय टाकल्यावर थांबले, वळले आणि म्हणाले, “शब्द बरोबर आहे तुझा. तो पुल्लिंगीच. पण कृत्य निंद्य.” त्यानंतर ते दोन दिवाळ्या आमच्याकडे आले नाहीत. बाबा त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले की काकू आतून ‘झोपलेत’ म्हणून सांगायच्या. बाबांनी हे फार लावून घेतलं. मी पावसाळ्यात विद्यापीठात जायला लागले तेव्हा ते मला फाटकापर्यंत सोडायला यायचे आणि तिथून पेठेच्या दिशेने बघत राहायचे.

पण हे पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी आई बशा विसळत होती आणि तिची पाठ आमच्याकडे होती. “वर्षभर जपलं होतं मी,” ती म्हणाली. “एका कान्यात घालवलंत.”  बाबा पाटावर बसून गार झालेले पोहे खात होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. मला आनंद झाला होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि त्या दोन्हींचं मिळून रागासारखं काहीतरी झालं होतं.

“एवढं कशाला केलंत, बाबा? स्थळ पसंत नाही म्हणाला असतात तरी झालं असतं.”

“आप्पांनी समजूत घातली असती. मी ऐकली असती. मला मी माहीत आहे.”

“मी सांगितलं होतं ना त्यांना, मला शिकायचंय म्हणून.”

“सांगितलंस की. मोठ्याने सांगितलंस,” बाबा म्हणाले. “ते ऐकून सगळे हसले. म्हटलं, पोरीचं म्हणणं यांना ऐकूच येत नाही. बापाची लाज तरी ऐकू येते का बघू.”